पेरणीची वेळ, झाडांतील अंतर आणि आपल्या हाती येणारी रुई

मुळशी तालुक्यात कापूस पिकत नाही. सह्याद्रीच्या कुशीतील हा भाग धो-धो पावसाचा आणि भाताचा. येथील आंबेमोहोर तांदळाचे नाव सर्वदूर आहे. पण कपाशीचे झाड पाहायचे तर मुळशीकराला घाट सोडून खानदेश, मराठवाडा किंवा वऱ्हाड गाठावे लागेल. तरीही या तालुक्यात कापसावर पोट भरणारी माणसे आहेत. गाद्या-रजया करणारे पिंजारी, कापडाचे किरकोळ व्यापारी, शिवणकाम करणारे कारागीर ही सारी मंडळी ज्या मालावर जगतात तो माल शेकडो मैलांवरच्या काळ्या रानात तयार होतो. तो कधी पेरला गेला, किती दाट पेरला गेला, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. "शेतीचे ते शेतकरी पाहील, आपण आपला भाव पाहावा," असा आपला विचार असतो. हा विचार कधीकधी बराच महागात पडतो.

पौडच्या बाजारात गादीचा धंदा करणारे आमच्या ओळखीचे एक पिंजारी चाचा आहेत. एका वर्षी त्यांनी एकाच व्यापाऱ्याकडून दोनदा रुई घेतली. पहिली दिवाळीनंतर, दुसरी मार्चअखेर. दोन्ही वेळा सांगण्यात आले की माल वऱ्हाडचा आहे, आणि ते खरेही होते. दुसरा माल किलोमागे काही रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून चाचा खूश होते. पहिल्या मालाच्या गाद्या उत्तम झाल्या. दुसऱ्या मालाने मात्र पिंजण्याच्या यंत्रावरच रंग दाखवला. बारीक गुठळ्या सुटेनात, धूळ व तूट जास्त निघाली, आणि भरलेल्या गाद्या दोन-तीन महिन्यांत बसल्या. तीन गिऱ्हाइकांच्या गाद्या पुन्हा पिंजून द्याव्या लागल्या. मजुरी अंगावर बसली ती बसलीच, शिवाय नाव खराब झाले ते वेगळे. व्यापाऱ्याने भेसळ केली असा चाचांचा समज झाला. त्याने शपथेवर सांगितले की भेसळ नाही. पहिला माल भारी जमिनीतल्या, वेळेवर पेरलेल्या कपाशीच्या पहिल्या वेचण्यांचा होता, दुसरा हलक्या रानातल्या उशिरा पेरलेल्या पिकाच्या अखेरच्या वेचणीचा. दोघांचेही खरे होते. फरक गोदामात पडलेला नव्हता, तो आठ-नऊ महिने आधी शेतातच पडलेला होता.

हा फरक कसा पडतो, हे आज समजून घेऊ.

भाताचे उदाहरण

मुळशीच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. भाताचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की लावणी उरकावी लागते. रोप वाफ्यातच म्हातारे झाले तर पुढे फुटवे कमी येतात व लोंब्या घटतात. अंतराचेही तसेच. डॉ. नारायण सावंत यांनी पुढे आणलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर लावतात, म्हणजे चार चुडांचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मध्यभागी खताची गोळी खोचता येते. खत वाया जात नाही, हवा खेळती राहते व उत्पन्न वाढते. बियाणे तेच, जमीन तीच, पाऊस तोच. केवळ वेळ आणि अंतर सांभाळल्याने पदरात पडणारे माप बदलते. कपाशीतही हेच आहे. मात्र भाताहून एक गोष्ट अधिक आहे. कपाशीत केवळ माप बदलत नाही, मालाची जातकुळीच बदलल्यासारखी होते.

तंतू तयार होतो कसा?

बी रुजल्यापासून साधारण ४० दिवसांनी कपाशीला पाते लागतात. पाते लागल्यावर तीन आठवड्यांच्या सुमारास फूल उमलते. फुलापासून बोंड उघडेपर्यंत ४५ ते ५५ दिवस जातात. म्हणजे पेरणीपासून पहिले बोंड फुटायला साडेतीन महिने किंवा थोडे अधिक लागतात.

बोंडातल्या या ५० दिवसांचे दोन भाग करावेत. पहिल्या तीन-साडेतीन आठवड्यांत सरकीच्या सालीवर उगवलेला तंतू लांब होत जातो. त्या वेळी तो पोकळ, पातळ भिंतीच्या नळीसारखा असतो. नंतरच्या तीन-चार आठवड्यांत त्याची लांबी वाढत नाही, आतून भिंत भरत जाते. झाडाने पानांत तयार केलेले अन्न थरावर थर साचून तंतूला अंग देते. पहिल्या भागात पाण्याचा ताण पडला तर तंतू आखूड राहतो. दुसऱ्या भागात पाणी, ऊन किंवा ऊब कमी पडली तर तो लांब असूनही पोकळ राहतो. अशा तंतूला आपण अपरिपक्व किंवा कच्चा तंतू म्हणतो.

बाजारात 'मायक्रोनेअर' हा शब्द ऐकू येतो, त्याचा संबंध येथे येतो. ठराविक वजनाच्या रुईच्या बोळ्यातून हवा किती सहज जाते यावरून हे माप काढतात. त्यात तंतूची जाडी आणि परिपक्वता दोन्ही एकत्र मोजली जातात. लांब धाग्याच्या कापसासाठी साधारण ३.५ ते ४.९ हे माप चालते, त्यातही चारच्या आसपासचा माल गिरण्यांना विशेष पसंत असतो. एखाद्या जातीचा कापूस नेहमी चारच्या घरात येत असेल आणि एखाद्या वर्षी तो तीनवर उतरला, तर तंतू अचानक तलम झाला असे समजू नये. तो कच्चा राहिला आहे. सरकारी हमीभाव ठरवितानाही धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर हेच दोन निकष धरले जातात.

पेरणीची वेळ

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कपाशी असते. क्षेत्रात आपले राज्य देशात पहिले आहे. परंतु त्यातील फार मोठा भाग कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून आहे. म्हणून येथे पेरणीची तारीख पंचांग ठरवत नाही, पाऊस ठरवतो. कृषी विद्यापीठांचा सल्ला असा की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वाफसा येताच पेरणी करावी आणि शक्यतो जून संपण्याच्या आत, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत ती उरकावी. पहिल्याच सरीला भुलून पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी कपाळी येते.

आता हिशेब मांडून पाहू. २० जूनला पेरलेल्या कपाशीला ऑगस्टच्या मध्यास फुले लागतात. भर फुलोरा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, तेव्हा जमिनीत ओल असते. तंतूची लांबी वाढते ती या ओलीवर. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरात पाऊस मागे फिरतो, ऊन पडते आणि तंतूची भिंत भरते. बोंडे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोरड्या हवेत फुटतात. कापूस पांढराशुभ्र, भरलेला व कोरडा मिळतो.

हीच कपाशी २० जुलैला पेरली तर? फुलांची सुरुवातच सप्टेंबरच्या मध्यानंतर होते. पाऊस ऑक्टोबरात निघून जातो. बोंडे पोसण्याचे काम नोव्हेंबर-डिसेंबरात, सुकत चाललेल्या जमिनीत करावे लागते. शिवाय विदर्भात तेव्हा रात्री थंड होतात. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली गेले की तंतूची भिंत भरण्याचे काम मंदावते. परिणामी बोंडे लहान, संख्या कमी आणि तंतू कच्चा. शेतकऱ्याचे माप घटते आणि आपल्याकडे येणाऱ्या मालाचा दर्जाही.

मग फार लवकर पेरले तर फायदाच फायदा, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. खानदेशात विहिरीचे पाणी किंवा ठिबक असणारे शेतकरी मे महिन्यात कपाशी लावत आले आहेत. पाणी भरपूर असेल तर उत्पन्न चांगले येते. पण मेच्या लागवडीची पहिली बोंडे सप्टेंबरात, भर पावसात फुटू शकतात. ओल लागलेली बोंडे सडतात, उघडा कापूस पिवळा पडतो, सरकीला कोंबसुद्धा येतो. शिवाय ढगाळ हवेत पाते व फुले गळतात. आणि तिसरा धोका सर्वांत मोठा, तो म्हणजे गुलाबी बोंडअळी.

बोंडअळीचा हिशेब

भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. काही वर्षे बोंडअळीचा त्रास कमी झाला. पुढे गुलाबी अळी या बियाण्याला पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार उडवला. ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. बाहेरून बोंड धड दिसते, आत कवडी झालेली असते. कापूस डागाळतो, धागा तुटका होतो.

या किडीचा पेरणीच्या वेळेशी थेट संबंध आहे. मागील हंगामाचे कोष जमिनीत, पऱ्हाटीत आणि जिनिंगमधल्या सरकीत दडून राहतात. पहिल्या पावसाबरोबर त्यांतून पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पाते-फुले असतील तर पतंगांची पिढी तेथेच वसते आणि हंगामभर वाढत जाते. मेच्या लागवडीने तिला आयते घर मिळते. वेळेवर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणी झाली तर पतंग बाहेर येतात तेव्हा अंडी घालायला पातेच नसतात, आणि पहिली पिढी बहुतांशी उपाशीच मरते. म्हणूनच २०१७ च्या हंगामानंतर राज्य शासनाने काही वर्षे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकण्यास मनाई केली होती.

दुसरे टोक म्हणजे फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी पुढे ओढायची आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेचत राहायचे, ही सवय अळीला वर्षभर अन्न पुरवते. फरदडीचा कापूस आखूड, कच्चा व डागी असतो. जिनिंग चालविणाऱ्या आपल्या बांधवांनीही येथे आपली जबाबदारी ओळखावी. किडकी सरकी आवारात महिनोन् महिने पडू देऊ नये. आपल्या आवारातून उडालेला पतंग शेजारच्या शेतात जातो आणि त्याचे नुकसान पुढच्या वर्षी आपल्याच काट्यावर येऊन बसते.

अंतराचे गणित

आता दोन झाडांमधील अंतराकडे वळू. व्यापाऱ्याला गणित आवडते, म्हणून गणितानेच सांगतो.

दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि ओळीतल्या दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे साडेअठरा हजार झाडे बसतात. ९० बाय १५ सेंटिमीटरवर सुमारे ७४ हजार, आणि ६० बाय १० वर १ लाख ६६ हजार झाडे बसतात. झाडांची संख्या, प्रत्येक झाडावरची बोंडे आणि एका बोंडातल्या कापसाचे वजन या तिन्हींचा गुणाकार म्हणजे उत्पन्न.

समजा, भारी जमीन आहे, पाणी आहे. साडेअठरा हजार झाडांवर प्रत्येकी ३० बोंडे आणि बोंडात ४ ग्रॅम कापूस धरला तर हेक्टरी २२ क्विंटल होतात. त्याच जमिनीत ७४ हजार झाडे लावली तर प्रत्येकावर ८ बोंडे आली तरी साडेतेवीस क्विंटल होतात. फरक फारसा नाही. चांगल्या जमिनीत पसरट झाड स्वतःच जागा भरून काढते. तेथे दाट लावून विशेष कमाई नाही, उलट झाडे एकमेकांत गुंतण्याचा त्रास.

आता हलकी, मुरमाड, कोरडवाहू जमीन घ्या. तेथे साडेअठरा हजारांतले प्रत्येक झाड १२ बोंडांच्या पुढे जात नाही असे धरू. उत्पन्न ९ क्विंटल. त्याच रानात ७४ हजार झाडे लावली आणि प्रत्येकावर अवघी ५ बोंडे, तीही साडेतीन ग्रॅमची धरली, तरी उत्पन्न १३ क्विंटलच्या घरात जाते. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई धरली तर पहिल्या शेतातून १७० किलोच्या दोन गाठीही पुऱ्या होत नाहीत, दुसऱ्यातून अडीच गाठी निघतात. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण रीत हीच आहे. जमीन जितकी हलकी, तितके अंतर कमी ठेवावे.

फुलीवरून पुन्हा दाट ओळीकडे

आपल्याकडे पूर्वी देशी कपाशी तिफणीने दीड-दोन फुटांच्या तासांत दाटच पेरली जात असे. सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'संकर-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. पुढे नांदेड आणि अकोल्याच्या केंद्रांनीही आपापले संकरित वाण आणले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि महाग असते. म्हणून शेतकरी फुलीवर एक-दोन बिया टोकू लागला. फुलीचा आणखी एक फायदा होता. बैलजोडीने उभी-आडवी डवरणी करता येई, त्यामुळे निंदणाचा खर्च वाचे. म्हणजे अंतर वाढले ते झाडाच्या गरजेने नाही, बियाण्याच्या किमतीने आणि तणाच्या धाकाने. शेतकऱ्याचा तो हिशेब चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु हलक्या जमिनीत त्याची किंमत कमी उत्पन्नाच्या रूपाने मोजावी लागली.

जगाकडे पाहिले तर अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे आटोपशीर वाढणाऱ्या वाणांची हेक्टरी एक लाखाच्या आसपास झाडे ठेवतात. जगाची सरासरी हेक्टरी पावणेआठशे किलो रुईच्या आसपास आहे, महाराष्ट्राची साडेतीनशेच्या आसपास. हा सगळा फरक केवळ अंतराचा नाही. त्यांच्याकडे पाणी आहे, जमिनी वेगळ्या आहेत. पण अंतराचाही त्यात वाटा आहे, हे ओळखून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० नंतर 'सूरज'सारखे आटोपशीर सरळ वाण घेऊन विदर्भात दाट लागवडीचे प्रयोग केले. सरळ वाणाचे बी घरचे ठेवता येते, त्यामुळे दाट पेरणी परवडते. पुढे २०२३-२४ पासून केंद्र सरकारच्या विशेष कापूस प्रकल्पात शेतकऱ्यांच्या शेतांवर ९० बाय १५ सेंटिमीटरसारख्या अंतरांची प्रात्यक्षिके घेण्यात आली.

दाट लागवडीत नुसते बी जास्त टाकून भागत नाही. बियाणे तिप्पट-चौपट लागते. झाड उंच व पसरट होऊ नये म्हणून वाढ रोखणाऱ्या औषधाच्या फवारण्या वेळेवर कराव्या लागतात किंवा खालच्या गळफांद्या काढाव्या लागतात. अन्यथा शेतात जंगल माजते. ऊन आत शिरत नाही, खालची बोंडे सडतात, फवारणीचे औषध आतपर्यंत पोचत नाही आणि वेचणाऱ्या बायकांना ओळीत शिरता येत नाही.

अंतराने दर्जा बदलतो का?

पुष्कळांना वाटते की दाट लावलेल्या कपाशीचा धागा आखूड होतो. धाग्याची लांबी मुख्यतः बियाण्याच्या जातीवर ठरते. केवळ अंतर बदलल्याने तीत फारसा फरक पडत नाही. अतिदाट आणि सावलीत वाढलेल्या पिकात मायक्रोनेअर थोडे घसरू शकते, एवढेच. परंतु अंतर एका आडवाटेने दर्जावर परिणाम करते.

पसरट झाडावर बोंडे दोन-अडीच महिने टप्प्याटप्प्याने लागत राहतात. खालची बोंडे भरदार, मधली बरी, शेंड्याची आणि फांद्यांच्या टोकांची उशिरा लागलेली व उपाशी. चार-पाच वेचण्या होतात आणि प्रत्येक वेचणीचा माल वेगळा. दाट लावलेल्या आटोपशीर झाडावर थोडीच बोंडे येतात, पण ती खोडाजवळ आणि जवळजवळ एकाच काळात लागतात. एक-दोन वेचण्यांत काम आटोपते. जमिनीत ओल असतानाच बोंडे पोसली जातात आणि अळी वाढण्याआधी कापूस घरात येतो. म्हणजे माल एकसारखा मिळतो. सूत कातणाऱ्याला सर्वांत जास्त हवा असतो तो हाच एकसारखेपणा.

थोडक्यात लक्षात ठेवायचे तर असे: पेरणीची वेळ मुख्यतः दर्जा ठरवते, अंतर मुख्यतः माप ठरवते; आणि योग्य अंतर राखले तर पीक वेळेत आटोपून दर्जालाही हातभार लागतो.

कोणत्या धंद्याला कोणती रुई?

चांगली रुई म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येक धंद्यात निराळे आहे.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला सूत तुटू नये एवढेच हवे असते. कच्च्या तंतूच्या सुतात ताकद कमी आणि बारीक गाठी जास्त. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की दिवसाची मजुरी बुडते. सूत स्वस्त मिळाले म्हणून झालेला फायदा तुटीत जातो.

रंगाऱ्याचे नुकसान याहून गुपचूप होते. कच्चा तंतू रंग नीट धरत नाही. गडद निळ्या किंवा काळ्या कापडावर पांढुरके ठिपके उठतात. दोष रंगाच्या हंड्याला आणि कारागिराच्या हाताला दिला जातो. खरा दोष डिसेंबरच्या थंडीत उपाशी राहिलेल्या बोंडाचा असतो.

गादी-रजईवाल्याला धागा लांब नको असतो, स्प्रिंगसारखा उसळणारा हवा असतो. जाड, भरलेला, आखूड देशी कापूस त्याच्यासाठी उत्तम. अशी रुई दाबली तरी परत फुगते. कच्चा तंतू फितीसारखा चपटा असतो. तो दबला की दबलाच राहतो, आणि पिंजताना गोळे धरतो. चाचांच्या गाद्या बसल्या त्याचे कारण हेच.

खरेदी करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, नुसते "वऱ्हाडचा माल" या शब्दांवर समाधान मानू नये. कोणत्या महिन्यातील वेचणी आहे, जमीन भारी की हलकी, बागायत की कोरडवाहू, पेरणी वेळेवर झाली होती की उशिरा, हे विचारावे. चांगला व्यापारी हे सांगू शकतो. त्या वर्षी त्या जिल्ह्यात पाऊस कधी सुरू झाला हे वर्तमानपत्रावरूनही कळते. जुलैच्या उत्तरार्धात पेरण्या झाल्याची बातमी वाचली असेल तर त्या भागाचा माल घेताना नमुना दोनदा तपासावा.

दुसरी गोष्ट, वर्षाची मोठी खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत, पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या मालातून करावी. भांडवल अडकते हे खरे. दोन-तीन कारागिरांनी मिळून एक गाठ घेतली तर भार हलका होतो.

तिसरी गोष्ट, हाताची परीक्षा सोडू नये. मूठभर रुई घट्ट दाबून सोडा. उसळून फुगली तर तंतू भरलेला, लगदा होऊन राहिली तर कच्चा. पातळ पदर काढून उजेडासमोर धरा, ठिपक्यांसारख्या गाठी दिसतात का पाहा. चिमटीत धरून दोन्ही हातांनी ओढून धाग्यांची लांबी काढा आणि ते सारखे आहेत का ते पाहा. रंगकाम असेल तर थोडी रुई किंवा सूत गडद रंगात बुडवून पाहण्याइतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

चौथी गोष्ट, ओलावा. सरकीच्या कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा ठीक, १२ च्या वर गेला तर सरकारी खरेदीतही माल नाकारला जातो. सकाळचे दव सुकण्याआधी वेचलेला कापूस वजनाला जड भरतो आणि पुढे पिवळा पडतो. वजन वाढविण्यासाठी पाणी मारणे हा तर उघड मापात पापाचा प्रकार. असा माल विकणाऱ्याने आणि जाणूनबुजून पुढे सरकवणाऱ्यानेही याचा विचार करावा.

पाचवी गोष्ट मोठ्या खरेदीदारांसाठी. मुंबईत माटुंगा येथे १९२४ मध्ये सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा, म्हणजे आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, नमुन्यांची लांबी, ताकद व मायक्रोनेअर शुल्क घेऊन तपासून देते. शेकडो गाठींचा सौदा करताना हा खर्च नगण्य आहे.

शेवटी एक गोष्ट. स्वस्त माल घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. अखेरच्या वेचणीच्या रुईलाही जागा आहे. उशी, स्वस्त दुलई, पॅकिंगचे भरण यांत ती चालते. चांगल्या मालात थोडी मिसळून, गिऱ्हाइकाला सांगून व भाव कमी करून विकता येते. प्रश्न स्वस्ताचा नाही, न कळता घेण्याचा आहे. चाचा आता मार्चचा माल घेतात तेव्हा त्याची किंमत आधी मुठीत दाबून पाहतात, आणि त्या रुईची गादी भरत नाहीत, उशा भरतात. व्यापारी तोच आहे. भांडण मिटले आहे. दोघेही आता पावसाळा लागला की एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "तिकडे पेरण्या झाल्या का?"